लाल ठिपक्याचा इतिहास

विकिपीडिया या संगणकजालावरील मुक्त विश्वकोशात एखाद्या गावाची नोंद उघडली, की मजकुराच्या बाजूला बहुधा एक लहानसा नकाशा दिसतो. देशाची किंवा राज्याची बाह्यरेषा, आत फिकट सीमारेषा आणि त्यांत एक लाल ठिपका. गाव साधारण कोठे आहे हे समजले, की वाचक पुढे जातो. छापील विश्वकोशातील नकाशामागे संपादक मंडळ असते, नकाशाकार असतात, छपाईपूर्वीची तपासणी असते. विकिपीडियावरील नकाशे मात्र बहुतांशी स्वयंसेवकांनी, म्हणजे फावल्या वेळात हौसेने काम करणाऱ्या माणसांनी काढलेले असतात. तेच ते दुरुस्त करतात आणि त्यांवर वादही घालतात.

असे काम करणाऱ्यांची जगात कधी वाण नव्हती. अडचण वेगळीच होती. नकाशा काढायचा तर आधी कोणीतरी जमीन मोजलेली असावी लागते, आणि ते मोजमाप वापरण्याची मुभाही असावी लागते. या लाल ठिपक्याचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ही मुभा मिळवण्याचा इतिहास आहे. तो आपण क्रमाने पाहू.

शाळांनी केलेले सर्वेक्षण

स्वयंसेवकांनी नकाशे करण्याची कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. १९३० साली ब्रिटनमध्ये भू-उपयोग सर्वेक्षण सुरू झाले. त्याचे संचालक होते एल. डडली स्टँप. १९२०च्या दशकात ते रंगून विद्यापीठात प्राध्यापक होते आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये भूगोल शिकवू लागले. देशातील प्रत्येक शेताचा उपयोग कशासाठी होतो हे नकाशावर नोंदवायचे, असा त्यांचा संकल्प होता. एवढे कर्मचारी नेमण्याइतका पैसा नव्हता. म्हणून त्यांनी शाळांना हाक दिली.

शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली मुले एका मैलास सहा इंच या प्रमाणाचे नकाशे घेऊन शिवारात हिंडली. नांगरट असेल तर एक अक्षर, गवताळ कुरण असेल तर दुसरे, वन असेल तर तिसरे, अशा ठरलेल्या खुणा त्यांनी शेतावर शेत भरल्या. या कामात भाग घेतलेल्या मुलांची संख्या अडीच लाखांच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. नंतर ही माहिती एका मैलास एक इंच या प्रमाणाच्या रंगीत नकाशांवर उतरवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्याचा तुटवडा पडला, तेव्हा कोणती कुरणे नांगराखाली आणता येतील हे ठरवताना त्यांचा उपयोग झाला.

या प्रकल्पातील दोन गोष्टी पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवू. पहिली म्हणजे, खुणा आधी ठरलेल्या असल्यामुळे हजारो अननुभवी हातांचे काम एकमेकांशी जुळले. दुसरी म्हणजे, मुलांच्या हाती जो मूळ नकाशा होता तो ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी खात्याचा होता. मेहनत मुलांची असली, तरी तिच्याखालचा कागद सरकारचा होता.

शब्द होते, नकाशे नव्हते

विकिपीडियाची सुरुवात १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीतून झाली. मराठी आवृत्ती १ मे २००३ पासून सुरू झाली. मजकूर लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. चार पुस्तके वाचून स्वतःच्या शब्दांत लिहिले, की लेख होतो. नकाशाचे तसे नाही. आपण कितीही स्वच्छ हाताने रेषा काढली, तरी ती दुसऱ्याच्या नकाशावरून गिरवलेली असेल, तर मूळ प्रकाशकाचा प्रताधिकार त्या रेषेबरोबर चालत येतो.

हा धोका केवळ कागदोपत्री नव्हता. २००१ साली ब्रिटनमधील ऑटोमोबाईल असोसिएशन या वाहनचालकांच्या मोठ्या संस्थेने ऑर्डनन्स सर्व्हेला २ कोटी पौंड देऊन एक दावा मिटवला. संस्थेचे नकाशे सरकारी नकाशांवरून उतरवले असल्याचा आरोप होता, आणि त्यासाठी रस्त्यांच्या रुंदीसारख्या बारीक शैलीगत खुणांचा आधार घेण्यात आला होता. हौशी माणसांचा विश्वकोश असल्या भानगडीत पडू शकत नव्हता.

वाट मिळाली ती अमेरिकेच्या कायद्यामुळे. तेथे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्यावर प्रताधिकार नसतो. करदात्यांच्या पैशाने झालेली वस्तू सर्वांची, असा त्यामागील विचार आहे. त्यामुळे अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या ‘वर्ल्ड फॅक्टबुक’ या वार्षिक ग्रंथातील देशांचे साधे नकाशे विकिपीडियाच्या सुरुवातीच्या लेखांत सर्रास दिसू लागले. तेथील जनगणना खात्याची माहितीही अशीच खुली होती. तिच्या आधारे ऑक्टोबर २००२ मध्ये एका संगणक आज्ञावलीने अमेरिकेतील गावे आणि कौंटी यांवर सुमारे ३० हजार लेख तयार केले. मागोमाग स्वयंसेवकांनी जनगणना खात्याचेच नकाशे पायाला घेऊन या गावांसाठी ठिपक्यांचे नकाशे बनवायला सुरुवात केली.

याचा परिणाम आपल्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेतील शे-दोनशे वस्तीच्या खेड्याला विश्वकोशात नोंद मिळाली, लोकसंख्या मिळाली आणि पुढे नकाशावर जागाही मिळाली. त्याच वेळी भारतातील लाखभर वस्तीचे तालुक्याचे गाव नकाशाविना होते. ते गाव कमी महत्त्वाचे होते असे नव्हे. त्याची मोजणी झालेली होती, पण ती मोकळी नव्हती.

ठिपका बसतो कसा?

सुरुवातीला प्रत्येक गावासाठी वेगळे चित्र लागे. नकाशा उघडायचा, अंदाजाने ठिपका द्यायचा, चित्र साठवायचे. हजार गावांसाठी हजार चित्रे झाली आणि पायाभूत नकाशात एक चूक सापडली, तर हजार चित्रे दुरुस्त करायची. पुढे यावर सोपी युक्ती निघाली. पायाचा नकाशा एकच ठेवायचा आणि गावाचे अक्षांश-रेखांश दिले की ठिपक्याची जागा संगणकाने काढायची. यामागील गणित आठवीच्या वर्गात करून घेता येईल इतके साधे आहे.

समजा, भारताचा नकाशा एका आयताकृती चौकटीत बसवला आहे. चौकटीची डावी कड ६७ अंश पूर्व रेखांशावर आणि उजवी ९९ अंशांवर आहे. खालची कड ५ अंश उत्तर अक्षांशावर आणि वरची ३७.५ अंशांवर आहे. पुण्याचे स्थान सुमारे १८.५२ अंश उत्तर आणि ७३.८६ अंश पूर्व असे घेऊ. चौकटीची रुंदी ३२ अंश. डाव्या कडेपासून पुणे ७३.८६ − ६७ = ६.८६ अंश दूर आहे. ६.८६ ला ३२ ने भागले, की ०.२१४ येतात. म्हणजे ठिपका डावीकडून रुंदीच्या २१.४ टक्क्यांवर पडेल. चौकटीची उंची ३२.५ अंश. वरच्या कडेपासून पुणे ३७.५ − १८.५२ = १८.९८ अंश खाली आहे. भागाकार ०.५८४, म्हणून ठिपका वरून ५८.४ टक्क्यांवर. झाले!

हे त्रैराशिक लागू पडण्यासाठी एक अट आहे. नकाशावर अक्षांश आणि रेखांश सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे आणि समान अंतरावर असले पाहिजेत. अशा प्रक्षेपणात आकार थोडे ताणले जातात. पुण्याजवळ रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरांचा असतो, तर श्रीनगरच्या अक्षांशावर तो सुमारे ९२ किलोमीटरांवर येतो. नकाशावर मात्र दोन्ही सारख्याच रुंदीचे दिसतात. सोपे गणित हवे, तर आकाराच्या अचूकतेत एवढी तडजोड करावी लागते.

आणखी एक हिशेब मुलांकडून करून घ्यावा. ३२.५ अंश म्हणजे दक्षिणोत्तर सुमारे ३६०० किलोमीटर. नकाशा १० सेंटिमीटर उंचीचा छापला, तर १ मिलिमीटर म्हणजे ३६ किलोमीटर. एक मिलिमीटरच्या ठिपक्याखाली पुणे तर झाकले जातेच, पण आसपासची कितीतरी गावेही झाकली जातात. ठिपका ‘या परिसरात’ एवढेच सांगतो. त्याहून जास्त अचूकतेची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

ठरलेले रंग, उघडा कारखाना

२००४ साली विकिमीडिया कॉमन्स हे चित्रांचे सामाईक भांडार सुरू झाले. तेथे ठेवलेला नकाशा कोणत्याही भाषेतील विकिपीडियाला वापरता येतो. त्याच सुमारास स्वयंसेवक एका नव्या प्रकारच्या चित्रांकडे वळले. साध्या संगणकीय चित्रात रंगीत ठिपक्यांची जाळी साठवलेली असते, त्यामुळे चित्र मोठे केले की कडा फाटतात. नव्या प्रकारात ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी रेषा, आत हा रंग’ असे रेषांचे वर्णन साठवलेले असते. ते कितीही मोठे केले तरी रेषा स्वच्छ राहते. नकाशाच्या दृष्टीने याहून मोठा फायदा म्हणजे, दुसऱ्या माणसाला ते चित्र उघडून नेमकी एकच चुकीची सीमा सरकवता येते. बाकीच्या नकाशाला हात लावावा लागत नाही.

इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा विकिपीडियांवर नकाशांच्या ‘कार्यशाळा’ उभ्या राहिल्या. लेखकाने तेथे मागणी नोंदवायची: ‘अमुक नदीच्या खोऱ्याचा नकाशा हवा आहे.’ कोणीतरी ते काम उचलतो, कच्चा नकाशा ठेवतो, इतर जण चुका दाखवतात. या देवघेवीतून रंगांचे संकेत ठरत गेले. स्थाननकाशात विषयाचा प्रदेश फिकट पिवळसर, पाणी फिकट निळे, सीमारेषा करड्या. स्टँप यांच्या मुलांनी वापरलेल्या अक्षरांचे काम येथे या रंगांनी केले. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचे नकाशे शेजारी ठेवले, तरी ते एका मालिकेतले वाटू लागले.

डोंगर-दऱ्या दाखवण्याचा प्रश्नही खुल्या माहितीनेच सुटला. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अमेरिकी अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. ही आकडेवारी सर्वांना खुली झाली. आता सह्याद्रीचा उठावदर्शक नकाशा करायला कोणाच्या समोच्च रेषा गिरवण्याची गरज उरली नाही.

स्वतःच चालून मोजलेला नकाशा

उंची मिळाली, पण रस्ते? ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे उत्तम असले, तरी मोफत वापरता येत नव्हते. २००४ साली लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजचे विद्यार्थी स्टीव्ह कोस्ट यांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा प्रकल्प सुरू केला. कोणाचाही नकाशा गिरवायचा नाही, स्वतः हिंडून मोजायचे आणि जे मिळेल ते सर्वांना द्यायचे, अशी त्याची रीत होती.

हे शक्य होण्याला एक तांत्रिक कारण होते. उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या जीपीएस यंत्रणेच्या नागरी संकेतांत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुके. मे २००० मध्ये ही भेसळ बंद झाली आणि हातातल्या साध्या यंत्रावर दहा-वीस मीटरपर्यंतची अचूकता मिळू लागली. रस्त्याने चालत गेले, की यंत्रात त्या वाटेची रेषा आपोआप उमटे. मे २००६ मध्ये तीस-चाळीस स्वयंसेवक आइल ऑफ वाइट या बेटावर जमले आणि शनिवार-रविवारची सुटी त्यांनी बेटावरील रस्ते मोजण्यात घालवली.

या पद्धतीची कसोटी १२ जानेवारी २०१० रोजी लागली. हैती देशात भीषण भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा तपशीलवार, वापरता येईल असा नकाशा मदतपथकांना सहज उपलब्ध नव्हता. उपग्रह छायाचित्रे खुली करण्यात आली आणि वेगवेगळ्या देशांतील शेकडो स्वयंसेवकांनी घरी बसून त्यांवरून रस्ते, पडझड झालेल्या इमारती आणि निर्वासितांच्या छावण्या नोंदवल्या. मदतपथकांनी हा नकाशा आपल्या यंत्रांत भरून घेतला. हौशी माणसांचे नकाशे म्हणजे करमणूक, हा समज त्यानंतर टिकला नाही. त्याच वर्षी १ एप्रिलपासून ऑर्डनन्स सर्व्हेनेही आपल्या माहितीचा काही भाग सर्वांना खुला केला.

विकिपीडियाला या प्रकल्पाचा मोठा आधार मिळाला. २०१८ पर्यंत बहुतेक भाषांतील लेखांत सरकवता येणारे, लहान-मोठे करता येणारे नकाशे घालता येऊ लागले. त्यांच्या मुळाशी ओपनस्ट्रीटमॅपचीच माहिती आहे.

आपल्याकडची वाट

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची आहे. १८०२ मध्ये विल्यम लँबटन यांनी मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू केलेले त्रिकोणीय सर्वेक्षण जगभर नावाजले गेले. एवढी परंपरा असूनही सामान्य नागरिकाच्या हाती तपशीलवार नकाशा येणे दीर्घकाळ अवघड होते. संरक्षणाच्या कारणाने अनेक पत्रके प्रतिबंधित होती. मिळत ती विकत मिळत, आणि त्यांवर सरकारचा प्रताधिकार असे. आपल्याकडे सरकारी प्रकाशनावर ६० वर्षे प्रताधिकार राहतो.

यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवली. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५०च्या दशकात भारताची अडीच लाखास एक या प्रमाणाची पत्रके छापली होती. अमेरिकी सरकारचे काम म्हणून ती खुली होती, आणि टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती संगणकजालावर ठेवली. परिणामी महाराष्ट्रातील एखाद्या खेड्याचे नाव वा ओढ्याचा प्रवाह शोधणाऱ्या भारतीय स्वयंसेवकाला परदेशी लष्कराच्या जुन्या पत्रकाकडे जावे लागले. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी पत्रके काढण्याची सोय केली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भू-स्थानिक माहितीवरील बरेच निर्बंध उठवले.

आता भाषेचा प्रश्न. रेषांच्या वर्णनाने बनलेल्या नकाशात नावे ही चित्रात मिसळून गेलेली नसतात, ती मजकूर म्हणून वेगळी राहतात. एकाच नकाशाला मराठी, कन्नड, तमिळ अशी वेगवेगळी नावे जोडता येतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्येही प्रत्येक ठिकाणाच्या नावापुढे भाषेनुसार वेगळी नोंद करता येते. एकाच ठिपक्याला मराठीत बेळगाव आणि कन्नडमध्ये बेळगावी लिहिता येते, एकासाठी दुसरे खोडावे लागत नाही. पण मराठी नाव कोणी भरलेच नसेल, तर तेथे रोमन अक्षरांतील नाव दिसते. ते वाचून केलेले लिप्यंतर अनेकदा चुकते. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. हे काम गावचाच माणूस बिनचूक करू शकतो.

रंगवावे की न रंगवावे?

मोजणीच्या चुका मोजून दुरुस्त होतात. सर्वांत अवघड वाद होतात ते सीमांवर. डिसेंबर २०२० मध्ये भारत-भूतान संबंधांवरील लेखातील एका नकाशात अक्साई चीन चीनच्या हद्दीत दाखवल्याबद्दल केंद्र सरकारने विकिपीडियाला तो नकाशा काढण्यास सांगितल्याचे प्रसिद्ध झाले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून शाळेच्या भिंतीवर, हस्तपुस्तिकेत किंवा प्रश्नपत्रिकेत नकाशा घेताना शिक्षकांनी बाह्यसीमा विभागाच्या अधिकृत नकाशावरूनच घ्यावी. अनेक देशांतील माणसे मिळून जो विश्वकोश लिहितात, त्यात वादग्रस्त भाग तुटक रेषेने किंवा पट्ट्यांनी दाखवण्याची पद्धत दिसते. त्यामुळे प्रत्येक पक्षाचे समाधान होते असे नाही.

ऐतिहासिक नकाशांत हा प्रश्न आणखी खोल जातो. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. मग त्या काळच्या मराठी राज्याच्या नकाशात पंजाब रंगवावा का? जेथे प्रत्यक्ष कारभार होता तो मुलूख, जेथून चौथाई वसूल होत असे तो मुलूख आणि जेथून काही महिने फौज गेली तो मुलूख, या तीन गोष्टी भिन्न आहेत. एकाच गडद रंगात तिन्ही रंगवले, की अभिमान सुखावतो, पण इतिहास बिघडतो. शिवाय त्या काळी आजच्यासारख्या काटेकोर सीमारेषाही नव्हत्या. नकाशाकाराला मात्र रंग कोठेतरी थांबवावाच लागतो. तो जेथे थांबवला, तेथे का थांबवला, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

येथेच या नकाशांचा एक गुण शिक्षकांनी ओळखावा. कॉमन्सवरील प्रत्येक नकाशाखाली त्याचे वर्णन असते. तो केव्हा चढवला, कोणत्या आधारावर काढला, पुढे केव्हा काय बदलले, याची यादी तेथे पाहता येते आणि जुन्या आवृत्त्याही उघडता येतात. आधाराची जागा रिकामी असेल, तर तो नकाशा कितीही देखणा असो, वर्गात वापरू नये. क्रमिक पुस्तकातील नकाशाखाली अशी वंशावळ सहसा मिळत नाही. आमच्या मते हौशी नकाशावर विश्वास किती ठेवावा याचे उत्तर तो कोणी काढला यापेक्षा त्याच्या या नोंदीत शोधावे.

वर्गासाठी एक प्रकल्प

ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या शाळेचा परिसर शोधून त्याची प्रत छापून घ्यावी. मुलांचे चार-पाच गट करून प्रत्येकाला एक दिशा द्यावी. नकाशात असलेले पण जागेवर नसलेले काय, आणि जागेवर असलेले पण नकाशात नसलेले काय, अशा दोन याद्या करायला सांगाव्यात. पाणवठा, पायवाट, पावसाळी ओढा, वाडी, स्मशानभूमी, बंद पडलेली गिरणी अशा गोष्टी दुसऱ्या यादीत येतील. प्रत्येक नोंदीपुढे ‘स्वतः पाहिले’ किंवा ‘अमुक व्यक्तीने सांगितले’ असा आधार लिहावा. गावातील जुन्या माणसांना विचारून नावे देवनागरीत नेमकी लिहून घ्यावीत. नंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली या नोंदी नकाशात भराव्यात. कोणत्याही व्यापारी कंपनीच्या नकाशावरून मात्र काही उतरवू नये.

दोन याद्या समोर आल्या, की वर्गाला एकच प्रश्न विचारावा: मोठा रस्ता नकाशात आधी आला आणि वाडी अजून आली नाही, असे का झाले असेल? मुलांच्या उत्तरांतून नकाशाचा इतिहास त्यांच्याच गावापासून सुरू होईल.